फ्रिजचे रोजचे पाच रुपये

रात्री झोपताना फ्रिजचं बटण बंद करायचं आणि सकाळी दूध आलं की सुरू करायचं, ही सवय अजूनही पुष्कळ घरांत आहे. वीज वाचते आणि मशीनला विश्रांती मिळते, अशी दोन कारणं त्यासाठी सांगतात. मशीनला आपण विश्रांती देण्याची गरज नसते. हवा तेवढा थंडावा आला की कॉम्प्रेसर आपणहून थांबतो किंवा मंदावतो. राहिली वीज. तिचा हिशेब सोपा आहे, पण तो सहसा कोणी करत नाही.

समजा, १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज आहे आणि त्याच्या स्टार लेबलवर वर्षाला १५० युनिट लिहिलेले आहेत. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचे १,८०० झाले, म्हणजे दिवसाला साधारण पाच रुपये. डबल डोअर असेल आणि लेबलवर २३० युनिट असतील तर दिवसाला साडेसात. रात्री आठ तास बंद ठेवून पाचातले फार तर दीड-पावणेदोन रुपये वाचायचे. तेवढेही वाचत नाहीत, कारण रात्रभर आत झिरपलेली उष्णता सकाळी त्याच कॉम्प्रेसरला बाहेर काढावी लागते. दरम्यान आतलं दूध, कालची उसळ आणि मळून ठेवलेली कणिक कोमट होत जाते. दुधाची एक अर्ध्या लिटरची पिशवी नासली, तर महिन्याभराच्या त्या बचतीतला मोठा वाटा एका सकाळी जातो.

फ्रिजच्या बाबतीत आपली काटकसर बहुधा चुकीच्या जागी होते. मीटरवरचा खर्च दिसतो म्हणून तो खुपतो. कचऱ्यात गेलेलं अन्न, मोठा फ्रिज घेऊन रिकामा ठेवलेला फ्रीजर आणि शिळ्या भातामुळे झालेलं डॉक्टरांचं बिल यांची नोंद कुठल्याच मीटरवर होत नाही.

१२ रुपये हा दर मी सोयीसाठी धरला आहे. तुमचा दर तुमच्या बिलावरच काढावा लागेल. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा बरंच महाग पडतं. वीज आकार, वहन आकार आणि असल्यास इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार सोडून द्या; फ्रिज असो-नसो, तो भरावाच लागतो. फ्रिज निवडताना दर नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा धरायचा. कमी खाणारा फ्रिज घेतला की जी युनिटं वाचतात, ती वरूनच कमी होतात.

दोन प्रकारचे स्टार

दुकानात विक्रेता पहिल्यांदा स्टार दाखवतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोचं हे लेबल उपयोगी आहे, पण त्यावरचे तारे मोजण्यापेक्षा खाली लिहिलेला वार्षिक युनिटचा आकडा वाचा. सिंगल डोअरचे म्हणजे डायरेक्ट कूल आणि डबल डोअरचे म्हणजे फ्रॉस्ट फ्री यांचे निकष वेगळे असतात. त्यामुळे चार स्टारचा मोठा डबल डोअर दोन स्टारच्या छोट्या सिंगल डोअरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय हे निकष काही वर्षांनी कडक होतात. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मॉडेलचे चार स्टार नव्या निकषांत तीनही भरतील, म्हणून लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही पाहा. हा आकडा ठरावीक परिस्थितीत केलेल्या चाचणीचा असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीला लागून उभा केलेला फ्रिज त्याहून जास्त खाणारच.

जास्त स्टारसाठी किती जास्त मोजावे? दोन मॉडेलांमधला फरक ३,००० रुपयांचा आहे आणि वर्षाला ५० युनिट वाचतात, असं धरा. १२ रुपयांनी वर्षाचे ६०० वाचले, पाच वर्षांत पैसे वसूल. फ्रिज दहा-बारा वर्षं चालतो, तेव्हा घ्यायला हरकत नाही. फरक ६,००० चा आणि बचत ३० युनिटांची असेल, तर वसुलीला सोळा-सतरा वर्षं लागतील. मी घेणार नाही.

दुसऱ्या स्टारबद्दल विक्रेता क्वचितच बोलतो. काही फ्रिजच्या फ्रीजरवर किंवा माहितीपुस्तिकेत छोट्या ताऱ्यांची खूण असते. त्याचा विजेशी संबंध नाही. एक तारा म्हणजे फ्रीजर उणे ६ अंशांपर्यंत जातो, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथा तारा असेल, तर उणे १८ ला राहून ताजं अन्न गोठवण्याची ताकदही त्यात आहे. अन्न महिनोन् महिने ठेवायचं असेल, तर उणे १८ अंश सेल्सियस हवेत. सिंगल डोअरमधला वरचा खण बर्फ, आइस्क्रीम आणि आठ-दहा दिवसांत संपणाऱ्या वस्तूंसाठी ठीक आहे. त्यात सुरमई भरून पावसाळा काढायचा बेत असेल, तर आधी पुस्तिका उघडून तारे मोजा.

किंमत सांगायची तर १८०-१९० लिटरचे सिंगल डोअर साधारण १३ ते १८ हजारांत आणि २४० लिटरच्या आसपासचे डबल डोअर २३ ते ३० हजारांत मिळतात; सणासुदीला थोडं इकडेतिकडे. या फरकात तुम्ही मुख्यतः फ्रीजर विकत घेता. सिंगल डोअरमध्ये तो १५ लिटरच्या आगेमागे, डबल डोअरमध्ये पन्नासच्या. त्यामुळे दुकानात शिरण्यापूर्वी घरी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: आपण खरंच गोठवून ठेवणार आहोत का? बर्फाचा ट्रे आणि मुलांच्या पेप्सीकोल्यासाठी आठ-दहा हजार जास्त मोजणारी घरं कमी नाहीत. रोज ताजी भाजी, ताजं दूध, मांसाहार नाही, अशा चौघांच्या घराला सिंगल डोअर पुरतो. फ्रीजर रिकामा राहण्याची शक्यता असेल आणि तरी मोठा फ्रिज हवाच असेल, तर फ्रीजरचा खण साध्या फ्रिजसारखा वापरता येणारं मॉडेल घ्या. विक्रेत्याच्या पोतडीतल्या चमकदार गोष्टींत ही एक कामाची. दही लावण्याच्या खास कप्प्यासाठी मात्र जास्तीचा रुपयाही देऊ नका. विरजण पातेल्यातही लागतं.

आणि जीएसटी नुकताच उतरल्यामुळे फ्रिज स्वस्त झाला, असं कोणी सांगितलं तर त्याला हसून टाळा. फ्रिजवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला तो जुलै २०१८ मध्ये.

दोनशे रुपयांचं यंत्र

फ्रिजच्या डायलवर १ ते ७ आकडे असतात, ते अंश नव्हेत. आकडा वाढवला की थंडावा वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. आत नेमके किती अंश आहेत हे कळायला फ्रिजचा थर्मामीटर लागतो. तो दीडशे ते तीनशे रुपयांत मिळतो. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी दार उघडताच वाचा. ५ अंश किंवा कमी आलं पाहिजे. ८ किंवा १० आलं, तर डायल एक घर पुढे सरकवा आणि दुसऱ्या दिवशी परत पाहा. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात; मधल्या, त्यांना मानवणाऱ्या उबेत काही जाती वीस मिनिटांत दुप्पट होतात. फ्रिज त्यांना मारत नाही, त्यांची वाढ मंद करतो. फ्रीजरही बहुतेकांना मारत नाही, नुसता थोपवून धरतो. बाहेर आल्यावर ते जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होतात. म्हणून उतरू लागलेली भाजी फ्रीजरमध्ये टाकून वाचत नाही.

दार ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा. आपण तिथेच दुधाच्या पिशव्या ठेवतो. दूध मागे, मधल्या किंवा खालच्या कप्प्यात जाऊ द्या. दारात सॉस, लोणचं आणि पाण्याच्या बाटल्या. कच्चं मटण-चिकन नेहमी झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यात खाली ठेवावं, म्हणजे त्याचं पाणी कोथिंबिरीवर ठिबकत नाही. कोथिंबीर कोरड्या सुती कापडात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, असं एफएसएसएआयने बजावलेलं आहे. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, तेही एकमेकांपासून लांब. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना काप काळे पडतात.

साय साठवणाऱ्या घरांसाठी एक सूचना. तूप कढवण्यापुरती साय जमायला आठ-दहा दिवस लागत असतील, तर ते भांडं पहिल्या दिवसापासून फ्रीजरमध्ये ठेवा. विरजण लावायच्या आदल्या रात्री खाली उतरवा. खालच्या कप्प्यात आठवडाभर राहिलेल्या सायीला जो कडवट वास येतो, तो तुपातही उतरतो.

गरम अन्न आणि साठ पैसे

«गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये, वीज जाते.» हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पूर्ण गार व्हायची वाट पाहत आमटी ओट्यावर राहते, मग जेवणं, मग टीव्ही, आणि पातेलं आत जातं ते रात्री साडेअकराला. किती वीज वाचली? दोन लिटर आमटी ६० अंशांवरून ३० वर आणण्याचं काम फ्रिजकडून करून घेतलं, तर साधारण एका युनिटाचा विसावा भाग लागतो, म्हणजे १२ रुपये दराने साठ पैसे. तेवढ्यासाठी आमटी तीन-चार तास जंतूंच्या आवडीच्या तापमानात ठेवलेली असते.

उकळतं पातेलं थेट आत ठेवा, असं मी म्हणत नाही. त्याने शेजारचं दूध तापतं आणि वाफेचं पाणी सगळीकडे होतं. मधला मार्ग असा: शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात, घरात ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. त्यासाठी ते लवकर निववावं लागतं. खोल पातेल्यातली आमटी दोन पसरट डब्यांत काढा आणि डबे गार पाण्याच्या परातीत ठेवा. अर्ध्या तासात हात लावण्याजोगी होते.

भाताला हा नियम सगळ्यात कडक लावायचा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याच्या उकळीतही टिकतात, नंतर कोमट भातात रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवून जात नाही. सकाळच्या फोडणीच्या भाताचा धोका कढईत नसतो, तो आदल्या रात्री ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यात असतो. म्हणून उरलेला भात ताटात किंवा परातीत बोटभर जाडीचा पसरायचा, पंख्याखाली निववायचा आणि तासाच्या आत डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी खाऊन टाकायचा. इतर शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन, फार तर चार दिवस. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे, हा पुरावा धरू नका. आजारी पाडणारे पुष्कळ जंतू वास देत नाहीत.

काय गोठवावं, किती पडतं

एक किलो वाटाणा ३० अंशांवरून उणे १८ वर नेण्याला रुपयाच्या आसपास वीज लागते. नंतर ठेवण्याचा खर्च फ्रिज चालवण्याच्या खर्चातच येतो. तेव्हा गोठवण्याचं गणित विजेचं नसून जागेचं आणि कष्टांचं आहे.

हिवाळ्यात वाटाण्याच्या शेंगा ४० रुपये किलो मिळाल्या आणि किलोमागे ४०० ते ५०० ग्रॅम दाणे निघाले, तर दाणे ८० ते १०० रुपयांनी पडले. गोठवलेल्या तयार पाकिटाचा भाव १७० धरला, तर चार किलोमागे तीनशेच्या आसपास वाचतात. त्यासाठी आठ-दहा किलो शेंगा सोलायच्या आणि सात लिटर जागा अडवायची. सिंगल डोअरचा हा निम्मा फ्रीजर झाला. घरात सोलायला आजी-आजोबा आणि मुलं असतील तर जरूर करा. एकट्याने करायचं काम नव्हे. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, पूर्ण कोरडे करा, ताटलीत एका थरात गोठवा आणि मगच पिशवीत भरा. उकळत्या पाण्याची पायरी टाळली तर आतली विकरं चालूच राहतात आणि महिन्याभरात दाण्यांचा रंग-चव उतरते.

खवलेला नारळ आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण या मात्र फ्रीजरच्या खऱ्या कमाईच्या वस्तू आहेत. जागा कमी, रोजचा वेळ वाचतो, चवीत फरक पडत नाही. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या डब्यात काढल्या की आमटीला एक, मटणाला चार, असं मोजून घेता येतं. हापूसचा रस बिनदुधाचा, छोट्या डब्यांत, वर बोटभर जागा सोडून ठेवा. पाणी गोठताना फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते. बटाट्याचा रस्सा गोठवू नका, फोडी भुसभुशीत होतात. काकडी, टोमॅटोचे काप आणि कढी यांचंही तेच. अंडी कवचासकट कधीच नको.

मासळीकडे जरा सावकाश पाहू. १ जूनला किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी लागते, म्हणून मे अखेरीस सुरमई-पापलेट भरून ठेवण्याची घाई होते. दोन गोष्टी ठरवतात की तो साठा कसा निघेल: मासा बाजारातून घरापर्यंत किती वेळ उन्हात राहिला आणि फ्रीजर उणे १८ आहे का. बर्फाची पिशवी घेऊनच बाजारात जा. बांगड्याच्या बाबतीत तर हयगय नकोच. तो उबेत राहिला की मांसात हिस्टामिन तयार होतं, ते तळून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात आणि आपण म्हणतो, माशाची ॲलर्जी आहे. सुरमईच्या तुकड्या धुवून, निथळून, कोरड्या करा आणि ताटलीत सुट्या गोठवा. गोठलेल्या तुकड्या बर्फाच्या पाण्यात बुचकळून काढल्या की वर बर्फाची पातळ काचेसारखी पापडी चढते आणि मांस वाळत नाही. मग एका जेवणापुरत्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. बांगडा, तारली अशी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवा, कमी तेलाची सहा महिने चालते. चिकनचे तुकडे नऊ महिने, खिमा तीन-चार.

गोठलेलं बाहेर काढताना ओट्यावर ठेवू नका. बाहेरचा भाग उबदार होतो तेव्हा मधला अजून दगड असतो. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून. फ्रिजमध्येच सुटलेलं मांस परत गोठवलं तर चव जाते, धोका नाही. ओट्यावर तासन् तास सुटलेलं मात्र गोठवायचं नाही.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज चार तास धरतो. भरलेला चांगला डीप फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. सिंगल डोअरच्या खणाकडून एवढी अपेक्षा नको. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलं आहे, आणि मासळी टाकायची.

दुरुस्ती, हमी आणि जुना फ्रिज

डायरेक्ट कूलमध्ये साचलेला बर्फ सुरीने खरवडणं ही सगळ्यात महागडी घाई. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅस फिरतो; टोक लागलं की गळती. गॅस भरण्याचं बिल दोन-तीन हजारांच्या घरात जातं, खण बदलायचा झाला तर आणखी. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो, तेव्हा माणूसही जाणकार बोलवा. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की फ्रिज बंद करून आपोआप वितळू द्यावा.

दाराचं रबर तपासायला नोट दारात अडकवून ओढा. सहज निघून आली तर रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. निम्म्या वेळा मळच असतो.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी असं मोठ्या अक्षरांत लिहितात. बहुधा ती फक्त त्या भागाची असते. गॅस, मजुरी आणि ने-आण तुमच्या खिशातून. हे खरेदीच्या वेळी लेखी विचारून घ्या. दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

नवा आला की जुना गॅलरीत ‘थंड पाण्यापुरता’ चालू राहतो. वीज खरंच जाते ती इथे. पंधरा-वीस वर्षांचा फ्रिज वर्षाला ४०० युनिट खात असेल, तर ४,८०० रुपये झाले. प्लगमध्ये लावायचं युनिट मोजणारं छोटं मीटर चार दिवस लावलं की नक्की आकडा कळतो. एक्स्चेंजमध्ये हजार-दीड हजार देत असतील तर देऊन टाका. कोणीच घेत नसेल आणि तो काही दिवस जिन्याखाली पडून राहणार असेल, तर त्याचं दार आधी काढून घ्या. आत शिरलेल्या मुलाला ते आतून उघडता येत नाही.